खाकीला कोरडे देऊ नये

मी, नूतन शालिग्राम बाविस्कर, माहेरची चौधरी, वय चौसष्ट, राहणार भेस्तान, सुरत, हे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे आणि आठवण गरजेपेक्षा जास्त शाबूत आहे. शरीराचे तसे म्हणता येत नाही. जठरातली गाठ आता औषधाला दाद देत नाही, आणि उन्हाळ्याचा विषय निघाला की डॉक्टर खिडकीबाहेर बघतात. मी शुद्धीवर असल्याचा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने करत नाही. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

वकीलसाहेब गुजरातीत टाइप करून देणार होते. मी मराठीतच, हाताने लिहीन म्हटले. भुसावळच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर इंग्रजीत रागवायच्या आणि रेल्वे क्वार्टरमध्ये आई अहिराणीत रागवायची. मराठी तेवढी कोणी न रागवता शिकवली, म्हणून ती मला अजून जवळची वाटते. माझा मुलगा वैभव गुजराती शाळेत शिकला. त्याला हे अक्षर अक्षर लावून वाचावे लागेल. ते बरे आहे.

या कागदात घर आहे, दागिने आहेत, थोडे पैसे आहेत. पण ज्यासाठी मी हा कागद करत आहे तो प्रश्न एकच आहे. माझ्यामागे माझी कुत्री खाकी हिला कोणी सांभाळायचे, आणि कोरडे द्यायचे की ओले.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी शाळेतली मैत्रीण सुवर्णा रामदास पाटील, राहणार उधना, हिने करावी. ती कोणाला घाबरत नाही. शाळेत सिस्टरांनाही घाबरत नव्हती, आणि तिच्या वाटची छडी मीच पुष्कळदा खाल्ली आहे.

कलम २. माझ्या पाटल्या आणि मोहनमाळ सून प्रिया हिला द्यावी. तिच्याबद्दल पुढे काही कडू लिहावे लागणार आहे, म्हणून हे आधी लिहिते. दवाखान्यात तिने माझी उलटी ओंजळीत धरली होती. ते मी विसरलेले नाही.

भरतकामाच्या रिंगा, सुया आणि फ्रेंच गाठींचा अर्धा राहिलेला टेबलक्लॉथ सुवर्णाला द्यावा. तो तिने पुरा करू नये. तिची गाठ कधीच बसली नाही.

माझ्या जाऊबाईंकडे माझ्या सासूचा पितळी हंडा आहे. तो मला देऊ केलेला होता. आता कोणी तो मागायला जाऊ नये. मागून झाले आहे.

कलम ३. माझे पती शालिग्राम पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कलर मास्टर होते. त्यांच्या शेडकार्डांच्या फायली वैभवने घ्याव्यात. प्रत्येक चिंधीखाली त्यांच्या हाताने रंगाचे नाव लिहिले आहे, गाजरी, मोतिया, फिरोजी, तपकिरी. माणूस दिवसभर वाफेत आणि केमिकलच्या वासात उभा राहायचा आणि घरी येऊन विचारायचा, "नूतन, आज आभाळ कुठल्या शेडचं होतं?" मी काहीही सांगितले तरी चूक निघायची.

पावसात भिजलेले पिल्लू त्यांनीच मिलच्या गेटवरून आणले. "खाकी शेड आहे, पण लॉट बिघडलेला," म्हणाले. नाव तेच राहिले. आज ती म्हातारी आहे. दाढा गेल्या आहेत, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे.

त्यांचा रंग मोजायचा छोटा काटा मात्र वैभवला द्यायचा नाही. त्यावर मी खाकीचे जेवण मोजते. तो खाकीबरोबर जाईल. कुठे ते पुढे लिहिले आहे.

कलम ४. हे कलम वाटणीचे नाही. वकीलसाहेब म्हणाले, याची गरज नाही. मी म्हटले, आहे.

शालिग्रामना पक्षाघात झाला आणि उजवी बाजू गेली. घास चावता येत नव्हता, कोरडे घशाखाली उतरत नव्हते. मी भात कुस्करून, वरणात कालवून, चमच्याने भरवायचे. एका घासाला कधीकधी इतका वेळ लागायचा की वरण निवायचे आणि पुन्हा गरम करावे लागायचे. मग मीच भांडी घासायच्या चौकडीत घसरले, खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले. वैभवने त्यांना शहराबाहेरच्या एका सेवाकेंद्रात ठेवले. तसा दुसरा मार्ग नव्हता, हे मी मान्य करते.

तिथून रोज दुपारी वैभवच्या मोबाइलवर थाळीचा फोटो यायचा. रोटली, शाक, डाळ, भात, छास. थाळीच्या मागे त्यांचे गुडघे दिसायचे. वैभव माझ्या खाटेशी येऊन दाखवायचा, "बघ आई, आपल्यापेक्षा भारी जेवतात पप्पा." आम्ही दोघेही हसायचो. थाळी उचलून नेतानाचा फोटो मात्र कधी आला नाही, आणि कोणी मागितला नाही.

ते तिथेच गेले. घरी आणल्यावर अंघोळ घालताना माझ्या दिरांनी मला आत यायला मनाई केली. मी वॉकर टेकत गेले. खांद्याची हाडे सदऱ्याच्या खुंटीसारखी वर आली होती. सोबत आलेल्या सेवाकेंद्रातल्या माणसाला वैभवने विचारले तेव्हा तो म्हणाला, "भूख लागे तो खाय ने, बेन." म्हणजे वैभवला उत्तर देताना तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या मते त्याने काही चूक केली नव्हती. थाळी त्याने रोज ठेवली होती.

वैभवला मी दोष देत नाही, असे लिहायला घेतले होते. ते खोटे ठरेल. दोष देते, आणि त्याच्यावर माझा जीवही आहे. दोन्ही एकाच माणसात राहतात.

कलम ५. खाकीच्या आजाराची हकिगत. ज्याच्या हाती ती जाईल त्याला हे ठाऊक असायला हवे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खान्देशी घरांत पितरांना जेवू घालतात. घागर भरायची, पुरणपोळी, आमरस, कुरडया करायच्या आणि कावळ्यासाठी घास गच्चीवर ठेवायचा. कावळा शिवला की गेलेला माणूस जेवला. पण भेस्तानात वैशाखाच्या दुपारी कावळा कुठून येणार? मागल्या गल्लीत धुरपदाबाई राहतात. साड्यांचे धागे कापून पोट भरतात. त्यांचा नवरा चिंधा लूमवर काम करता करता गेला. परवाच्या वर्षी त्या चिंधाचे पान घेऊन तासन् तास उन्हात उभ्या राहिल्या. शेवटी ते त्यांनी आमच्या ओट्यावर खाकीपुढे ठेवले. खाकीने वाटीसकट चाटून पुसून खाल्ले. धुरपदाबाई रडत आत आल्या.

"ताई, कावळा काही उना नही. हिनी खादं. मना माणूस जेवना."

ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. ज्याच्या त्याच्या गच्चीवर पान तसेच पडलेले होते. एकेक जण पान घेऊन आला आणि खाकी प्रत्येकाच्या पितराला पावली. कोपऱ्यावरचा निंबा तर तिची पाठ थोपटून म्हणाला, "आमना म्हातारा जित्ता व्हता तवय बी असाच खाये." पुरण, तूप, आमरस, भजी. मी आत पडले होते. उठून आले तोवर ओट्यावर पत्रावळींचा ढीग होता आणि खाकीच्या तोंडाला फेस होता.

तिचे स्वादुपिंड सुजले होते. चार दिवस सलाइन लागले. धुरपदाबाई जनावरांच्या डॉक्टरकडे बाटली हातात धरून उभ्या असत, कारण स्टँड मोडका होता. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. त्या मात्र बोलत होत्या. "ताई, मी काय तिले माराले दिधं का?" मी उत्तर दिले नाही. पुढे पुष्कळ दिवस दिले नाही.

कलम ६. कोरडे की ओले, याबद्दल.

डॉक्टरांनी खाकीला तुपातेलाचे सगळे बंद केले. तिच्यासाठी खास कमी चरबीचे अन्न मिळते, कोरड्या दाण्यांच्या पिशवीत मिळते आणि ओले डब्यातही मिळते. कोरडे वाईट, असे माझे म्हणणे नाही. डॉक्टरांनीही तसे सांगितले नाही. पुष्कळ कुत्री त्यावर छान जगतात, दाणे नासत नाहीत, वास येत नाही, खर्च कमी येतो. ओला डबा उघडला की फ्रिजमध्ये ठेवावा लागतो आणि लवकर संपवावा लागतो. पण खाकीला दाढा नाहीत आणि ती आपणहून पाणी फार कमी पिते. म्हणून डॉक्टर म्हणाले, हिला ओले बरे.

मी आधी दाणे कोमट पाण्यात भिजवून पाहिले. ती पाणी चाटायची, दाणे तसेच. मग डबा आणला. खाल्ला. डबा परवडेना तेव्हा डॉक्टरांना विचारून अर्धा डबा आणि अर्धे घरचे असे ठरवले. घरचे म्हणजे मऊ भात, उकडलेला दुधी आणि कातडी काढलेली कोंबडी, हे सगळे मीठ, तेल, हळद न घालता. सकाळ, दुपार, संध्याकाळ थोडे थोडे, काट्यावर मोजून. कोमट असावे. गार दिले तर ती बघून निघून जाते. पहिला घास बोटावर द्यावा लागतो, मग ती वाटीकडे वळते. शेजारी बसावे लागते. उठलात की ती पण उठते.

या शेवटच्या दोन ओळी सगळ्यांत महत्त्वाच्या आहेत. डबा बाजारात मिळतो, बसणे मिळत नाही.

कलम ७. गेल्या दिवाळीनंतर मी दवाखान्यात होते तेव्हा खाकी वैभवकडे वेसूला होती. त्यांच्या सोसायटीत मांसमच्छीचा वास आला की ग्रुपवर तक्रार येते. प्रियाने डबा एकदाच उघडला. त्यामुळे वैभवने त्याच कंपनीचे कोरडे दाणे आणले आणि एक मशीन आणले. मशीन वेळेवर वाटीत दाणे टाकते आणि मोबाइलवर फोटो पाठवते. दोघेही कामावर जातात, संध्याकाळी उशिरा येतात. त्याने प्रेमानेच केले. मशीन माझ्या पाटलीएवढे महाग होते.

तो फोटो मला दवाखान्यात दाखवायचा. "बघ आई, टाइम टू टाइम."

पहिल्या दिवशी मी वाटी पाहिली. पुढच्या दिवशी पाहिली. दाणे रोज थोडे वर चढत होते. मी म्हटले, "वैभव, ती खात नाहीये."

"भूक लागली की खाईल, आई. कुत्रं आहे. उपाशी थोडंच मरणार?"

मी भिंतीकडे तोंड केले. मग दवाखान्यातल्या सिस्टरचा मोबाइल मागून मी धुरपदाबाईंना फोन लावला. आमचे बोलणे बंद होते. त्यांनी काही विचारले नाही. रिक्षा बदलत वेसूला गेल्या. दारात काय झाले ते मला दोघींनी वेगवेगळे सांगितले आणि दोन्ही जुळते, म्हणून लिहिते.

प्रिया म्हणाली, "मासी, टेन्शन नका घेऊ. मशीनमध्ये सगळं सेट आहे. फोटो येतो यांच्या मोबाइलवर."

"फोटो दाणास्ना येस का तिना?"

"वाटीचा येतो."

"मंग मी वाटीले लई जाऊ का?"

खाकी सोफ्यामागे होती. उचलताना धुरपदाबाईंच्या हाताला फासळ्या लागल्या. त्यांनी तिला पदरात बांधून आणले. आणि घरी आणल्या आणल्या, मायेने, दुधात पोळी कुस्करून दिली. रात्रभर खाकीला जुलाब. म्हणजे एका घरी ती वाटीपुढे उपाशी राहिली आणि दुसऱ्या घरी मायेने मरता मरता वाचली. मला या दोन घरांतूनच निवडायचे आहे. तिसरे घर नाही. सुवर्णाच्या नातवाला कुत्र्याच्या केसांनी दमा होतो.

कलम ८. म्हणून मी असे ठरवते की माझ्यामागे खाकी धुरपदाबाई चिंधा सोनवणे यांच्याकडे राहील. काटा त्यांच्याकडे जाईल. धुरपदाबाईंनी मुठीने वाढू नये, काट्याने वाढावे. दूध, पोळी, तूप, गूळ काही देऊ नये, ती कितीही बघत बसली तरी. आखाजीला आणि पितरपाटात, म्हणजे पितृपक्षात, खाकीला खोलीत बंद ठेवावे आणि दाराबाहेर कोणाचेही पान स्वीकारू नये. त्यात माझेही पान आले.

जी बाई चुकली तिलाच का देतेस, असे सुवर्णाने विचारले. धुरपदाबाई जे देतात त्यात चूक होते, ती काट्याने सुधारता येते. आणि त्या देऊन निघून जात नाहीत. घास गिळला की नाही, हे बघत बसतात.

कलम ९. भेस्तानचे हे रो-हाउस पहिल्यापासून माझ्या नावावर आहे. ते वैभवला देते. मात्र खालची खोली आणि स्वयंपाकघर यांत धुरपदाबाईंनी त्या जिवंत असेपर्यंत भाडे न देता राहावे. वैभवला घर विकायचे झाल्यास हा हक्क राखूनच विकावे.

आधी मी लिहिले होते, खाकी जिवंत असेपर्यंत. वकीलसाहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "बेन, कुत्री मेली की एकाला घर मोकळं मिळणार आणि दुसरीचं छप्पर जाणार. तुम्ही एका जनावराच्या श्वासाला दोघांचा फायदा-तोटा बांधताय." मी ते वाक्य खोडले. तिच्या मरणाने कोणाचे काही वाढू नये आणि कमीही होऊ नये.

कलम १०. उधन्याच्या शाळेत बालवर्गाला शिकवून साठवलेली ठेव सुवर्णाने सांभाळावी. कुत्र्याच्या नावे काही ठेवता येत नाही, म्हणून तिच्या नावे ठेवते. त्यातून खाकीचे डबे, कोंबडी आणि डॉक्टर यांचा खर्च परस्पर करावा. खाकी गेल्यावर उरेल ते जनावरांच्या एखाद्या धर्मादाय दवाखान्याला द्यावे आणि त्यांना सलाइनचा एक धड स्टँड घ्यायला सांगावे.

कलम ११. माझे दिवस थोडक्यात करावेत. जेवणावळ घालू नये. अखेरीला माझ्या तोंडात काही जाईनासे झाले तर नळीने पोटात अन्न सोडू नये. चमच्याने पाणी द्यावे, तेही मी तोंड उघडले तर.

कलम १२. धुरपदाबाई माझ्याहून थोड्याच लहान आहेत. त्या खाकीच्या आधी गेल्या किंवा अंथरुणाला खिळल्या, तर काय? हे कलम कोरे ठेवले होते. गेल्या रविवारी भरले.

वैभव आला होता. मी त्याला वरचे सगळे वाचून दाखवले, कलम चारसुद्धा. तो जमिनीकडे बघत ऐकत होता. घराबद्दल एक शब्द बोलला नाही. शेवटी म्हणाला, "आई, खाकी मला दे."

"का?"

"बस, दे ना."

मी दवाखान्यातून आल्यापासून धुरपदाबाई दिवसभर माझ्याकडेच असतात; त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "दी टाका ना ताई. पोर मांगी राहिना."

मी नाही म्हटले. त्याच्या घरी अजूनही दिवसभर कोणी नसते, मशीन अजूनही आहे, सोसायटी तीच आहे. मागितले म्हणून देण्यासारखी ती वस्तू नाही. पण दुपारची वाटी त्याच्या हातात दिली. कसे बसायचे, बोटावर घास कसा धरायचा, ते सांगितले. त्याने पँट वर ओढली आणि फरशीवर बसला. पोट सुटले आहे त्याचे. बसायला त्रास झाला. खाकीने बोट हुंगले आणि मान फिरवली.

त्याने पुन्हा बोट पुढे केले. तिने डोळे मिटले. बराच वेळ गेला. मोबाइल खिशात वाजत होता.

"भूक नसेल तिला," तो म्हणाला.

धुरपदाबाईंनी भांडी घासायची थांबवली होती. त्याने मोबाइल काढून न बघताच बाजूला सरकवला. वाटीतले निवले तेव्हा उठून स्वतः कोमट करून आणले आणि पुन्हा तिच्यासमोर बसला. दिवे लागेपर्यंत बसला होता.

म्हणून लिहिते की धुरपदाबाईंच्या नंतर खाकी वैभवकडे जावी, आणि तोपर्यंत दर रविवारी दुपारची वाटी त्याने इथे येऊन द्यावी. त्या दिवशी खाकीने त्याच्या हातून काही खाल्ले नाही. वाटी खाली ठेवून तो उठला नाही, एवढे मी पाहिले आहे. या कलमाला दुसरा आधार नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, वैभवला वाचून दाखवला, आणि तो मला मान्य आहे.

ठिकाण: भेस्तान, सुरत
दिनांक: १८ जानेवारी २०२६

(सही)
नूतन शालिग्राम बाविस्कर

नूतनबाईंनी आमच्या दोघांसमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. धुरपदाबाई सोनवणे यांना या मृत्युपत्राने लाभ मिळत असल्याने त्यांना साक्षीदार केलेले नाही. सह्या होत असताना त्या आतल्या खोलीत खाकीजवळ होत्या.

साक्षीदार १: (सही) योगेश वाल्मिक निकम, राहणार भेस्तान, सुरत
साक्षीदार २: (सही) स्वाती योगेश निकम, राहणार वरीलप्रमाणे